लॅबचं पिल्लू प्रचंड ओढतं, आईच्या हातात लीश: हार्नेस कोणता घ्यावा?

कर्वेनगरची
१८ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे खंडू आहे. लॅब्राडोर, साडेचार महिन्यांचा, रविवारी वजन केलं तर १६ किलो भरलं. सकाळी त्याला मी फिरवते. संध्याकाळी पाचला आई नेते, कारण हिंजवडीहून मी आठच्या आत घरी पोचतच नाही. आई ६६ वर्षांची आहे आणि उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे.

गेल्या गुरुवारी त्याला पार्क केलेल्या रिक्षेखाली मांजर दिसलं. आईने लीश मनगटाला गुंडाळलेली. तो सुटला तशी ती फरफटत सोसायटीच्या फाटकावर आदळली. वॉचमनदादांनी वेळेवर धरलं म्हणून पडली नाही. पण बांगडी फुटून मनगट कापलं आणि दोरीचा वळ अजून आहे. त्या दिवसापासून ती त्याला खाली नेत नाही. पाच वाजले की खंडू दाराशी जाऊन बसतो आणि ती उठून आतल्या खोलीत जाते. मला हे बघवत नाही. त्याला घरी आणायचा हट्ट तिचाच होता.

दुसऱ्या दिवशी लगेच दुकानातून जाड, रुंद, पाठीवर कडी असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बांधायचा पट्टा, आणला. 'ह्याने ओढणं थांबेल' असं दुकानदार म्हणाले होते. तो घातल्यापासून खंडू पहिल्यापेक्षा जास्त ओढतोय, आता पूर्ण छाती लावून.

'नो-पुल' म्हणजे ओढू न देणारे म्हणून जे हार्नेस मिळतात त्यातला कुठला घ्यावा? वाढत्या अंगाला त्रास होणार नाही ना? आणि दर दोन महिन्यांनी नवा घ्यावा लागणार का? कृपया अनुभव सांगा.

---

दोन_लॅब_एक_मांजर
१८ मे, रात्री ११:२५

ताई, आधी आईंच्या मनगटाला काही लागलं नाही ना आतून? सूज असेल तर एक्स-रे काढून घ्या.

आता हार्नेसचं. पाठीवर कडी असेल तर कुत्रा जास्त ओढणारच, त्यात खंडूची काही चूक नाही. बर्फात गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांनाही हार्नेसच घालतात आणि दोर मागच्या बाजूला बांधतात, कारण तसा बांधला की सगळा भार छातीवर पसरतो आणि अंगाची पूर्ण ताकद लावता येते. गळ्याला काचत नाही, श्वास अडत नाही, मग थांबायचं कशाला? शिवाय मागून ताण आला की पुढे रेटायचं, हे कुत्र्याच्या अंगातच असतं. आपण मागे खेचतो, तो पुढे रेटतो, आणि दोघांचीही तालीम होत राहते.

तुम्हाला हवी ती कडी छातीवर, पुढच्या बाजूला. तिथे लीश लावली की ओढल्यावर त्याचं अंग तुमच्याकडे वळतं. तोंड वळलं की जोर संपतो. मांजराकडे झेपावला तरी अर्धवर्तुळ फिरून आईंच्या पायाशी येईल. आमची थोरली ३१ किलोची आहे. पुढच्या कडीवर माझी बायको तिला एका हाताने सांभाळते.

घेताना एवढं बघा की पुढे छातीवर आणि मागे पाठीवर अशा दोन्ही कड्या आहेत. पुढून पाहिलं तर पट्ट्यांचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसायला हवा, म्हणजे गळ्याच्या मुळाशी दोन पट्ट्या येऊन छातीच्या हाडावर मिळतात आणि तिथून एक पट्टी पायांमधून पोटाकडे जाते. छातीवरून आडवी एकच पट्टी जाणारे हार्नेस घेऊ नका, ती नेमकी खांद्याच्या पुढे येते आणि पाय पुढे टाकताना अडते. तुमचा आत्ताचा बहुधा तसलाच असावा.

---

श्वानवेडी_बाणेर
१९ मे, सकाळी ७:०२

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. अजून एक, 'नो-पुल' लिहिलेल्या काही प्रकारांत काखेखालून बारीक दोरी जाते आणि ओढलं की ती आवळते. ते घेऊच नका. कुत्रा थांबतो तो दुखतं म्हणून. आमच्या शेजारच्या गोल्डन रिट्रीव्हरच्या काखेत त्याने जखम झाली होती.

---

पेठेतला_जुना
१९ मे, सकाळी ८:४५

आमच्या वाड्यात १९७८ पासून अल्सेशियन होते. एकालाही असलं काही घातलं नाही. गळ्यात साखळी, दोन झटके दिले की तिसऱ्यांदा ओढत नसत. पिल्लाला सुरुवातीलाच शिस्त लागली की आयुष्यभर त्रास नाही. माझं स्पष्ट मत आहे, राग मानू नये.

---

पशुवैद्य_औंध
१९ मे, दुपारी २:१०

काका, राग अजिबात नाही. तुमच्या पिढीने कुत्री प्रेमानेच सांभाळली. पण मी रोज टेबलावर जे बघतो ते सांगणं माझं काम आहे.

गळ्यात पुढच्या बाजूला श्वासनलिका असते, तिच्या बाजूला थायरॉइड, आणि डोक्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्या रक्तवाहिन्या. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २६ कुत्र्यांच्या डोळ्यांतला दाब मोजला होता. गळपट्ट्याला ताण दिला तेव्हा तो वाढला, हार्नेसला ताण दिला तेव्हा तसा वाढला नाही. सोळा किलोच्या पिल्लाने धाव घेतली आणि साखळी एकदम ताठ झाली तर तो झटका मानेच्या मणक्यांवर जातो. झटक्यांनी कुत्रा थांबतो हे खरं, पण पुष्कळदा तो त्या दुखण्याचा संबंध समोर दिसणाऱ्या गोष्टीशी जोडतो. समोर मूल असेल तर मुलाशी. मग वर्षभराने लोक माझ्याकडे येतात की 'अचानक लहान मुलांवर गुरगुरायला लागलाय'.

धागाकर्त्या ताईंसाठी: मोठ्या जातीच्या पिल्लांत हाडांच्या टोकाशी वाढीची कूर्चा (मऊ हाड) असते. ती पक्की व्हायला साधारण १४ ते १८ महिने लागतात, ग्रेट डेनसारख्यांत त्याहूनही जास्त. लॅबमध्ये खुब्याचा आणि कोपराचा सांधा नीट न बसण्याची प्रवृत्ती असते. म्हणून खांदा आणि कोपर मोकळं राहील असाच हार्नेस हवा. पण कुठलाही हार्नेस शंभर टक्के मोकळा नसतो हेही लक्षात ठेवा. २०१९ च्या एका छोट्या अभ्यासात नऊ कुत्र्यांना ट्रेडमिलवर चालवून पाहिलं होतं. 'चाल अडवत नाही' म्हणून विकल्या जाणाऱ्या हार्नेसनेही खांदा पुढे जाण्याचं प्रमाण कमी झालं. त्यामुळे नावावर आणि जाहिरातीवर जाऊ नका, तुमच्या पिल्लाच्या अंगावर घालून, चालवून, बाजूने बघा. पाऊल आखडतंय का, कोपर बाहेर फेकलं जातंय का? घरी आल्यावर लगेच काढून ठेवा, दिवसभर अंगावर ठेवू नका.

पुढच्या कडीवर लीश सतत ताठ ठेवून तासभर चालवणंही चांगलं नाही, कारण मग पिल्लू तिरकं चालायला लागतं. तिचा उपयोग सावरण्यापुरता.

---

कर्वेनगरची
१९ मे, रात्री ९:३०

डॉक्टर, मनापासून आभार. @दोन_लॅब_एक_मांजर, आईचं मनगट दाखवलं, मुका मार आहे, हाड ठीक.

तुम्ही म्हणता तसाच आहे आमचा, छातीवर आडवी पट्टी. आज तोंडाला लावायच्या हॉल्टरबद्दलही वाचलं. घोड्यासारखं डोकं वळतं म्हणे. आईला ते सोपं जाईल का?

---

श्वानवेडी_बाणेर
१९ मे, रात्री ९:५२

साडेचार महिन्यांच्या झेपावणाऱ्या पिल्लाला नको. पूर्ण वेगात गेला आणि नाकाची पट्टी ताठ झाली तर मान झटक्याने फिरते. मोठ्या, शांत झालेल्या कुत्र्याला हळूहळू सवय लावून वापरणारे लोक आहेत, पण ती वेगळी गोष्ट.

---

कारवानवाले
२० मे, सकाळी ६:१५

आमच्याकडे मुधोळ हाउंड आहे, गावाकडे आम्ही कारवान म्हणतो. लॅबवाल्यांना हा प्रश्न कमी येतो पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितो. खोल छाती, बारीक कंबर, निमुळतं डोकं असलेला कुत्रा घाबरून मागे सरकला की साधा हार्नेस डोक्यावरून निघून येतो. आमचा दिवाळीत फटाक्याच्या आवाजाने असाच निसटला. प्रभात रोडवर सव्वा तास शोधत होतो. अशा कुत्र्याला बरगड्यांच्या मागे, कमरेच्या बारीक भागावर तिसरी पट्टी असलेला हार्नेस लागतो.

आणि कुठल्याही कुत्र्याला गळ्यात साधा पट्टा राहू द्या, त्यावर फोन नंबर आणि महानगरपालिकेचा परवाना बिल्ला. हार्नेसची पुढची कडी आणि गळपट्टा यांना जोडणारी छोटी दोरी मिळते. एक बकल तुटलं तरी कुत्रा हातात राहतो.

---

दोन_लॅब_एक_मांजर
२० मे, सकाळी ९:१०

मापाबद्दल सांगायचं राहिलं. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागे, छाती जिथे सगळ्यात रुंद असते तिथला घेर मोजा. मग गळ्याच्या मुळाचा, म्हणजे जिथे गळपट्टा बसतो त्याच्याही खाली, खांद्याला लागून. खंडू उभा असताना मोजा, बसलेला असताना नको. आकाराचं नाव बघून घेऊ नका, एका कंपनीचा 'मीडियम' दुसरीचा 'लार्ज' असतो.

घातल्यावर प्रत्येक पट्टीखाली दोन बोटं आडवी सहज जायला हवीत. तिसरंही सहज गेलं तर सैल आहे. पोटाची पट्टी काखेत रुतायला नको, कोपरामागे दोन-तीन बोटं जागा सोडून बसायला हवी.

आणि हो, 'वाढेल म्हणून मोठा' हे शाळेच्या गणवेशाला ठीक आहे, इथे नाही. सैल हार्नेस घासतो आणि निसटतो. त्यापेक्षा चार-पाच ठिकाणी कमी-जास्त करता येईल असा घ्या आणि आत्ताचं माप त्याच्या खालच्या टोकाला बसेल असा निवडा, म्हणजे वर वाढायला जागा राहते. तरीही पूर्ण वाढ होईपर्यंत दोन ते तीन हार्नेस लागतात. म्हणून पहिला फार महागाचा घेऊ नका. आम्ही पहिला साडेआठशेचा घेतला, चांगला दणकट वर्षभराने घेतला.

दर रविवारी मोजायची सवय लावा. ह्या वयात दोन आठवड्यांत पट्टी एक घर सरकते.

---

पेठेतला_जुना
२० मे, सकाळी ११:३०

डॉक्टरांचं वाचलं. दोनदा वाचलं. मुलांवर गुरगुरण्याचं जे लिहिलंय, आमचा दुसरा अल्सेशियन पुढे तसा झाला होता. तेव्हा आम्ही त्याच्या स्वभावाला दोष दिला. साखळीबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो.

पण एक गोष्ट अजूनही सांगेन. माझी आई त्या कुत्र्यांना कधीही झटका देत नसे आणि तिच्याबरोबर ते सगळ्यात नीट चालत. ती शनिपाराकडे भाजीला जायची. कुत्र्याने ओढलं की उभी राहायची. बोलायची नाही, ओढायची नाही. दोरी सैल झाली की चालायला लागायची. भाजी आणायला तासभर लागायचा आणि तिची काही तक्रार नसे. मुलीने कुत्र्याला शिकवून उपयोग नाही, कुत्रा ज्याच्या हातात असतो त्याच्याकडून शिकतो. तुमच्या आईंनाच शिकवू द्या त्याला.

---

पशुवैद्य_औंध
२० मे, दुपारी १:४०

काका, तुमच्या आईंनी जे केलं तेच आज प्रशिक्षक पैसे घेऊन शिकवतात. लीश ताठ झाली की जग थांबतं, सैल झाली की पुढे सरकतं. कुत्र्याला ओढून काही मिळालंच नाही तर तो ओढणं सोडतो. पण दहातल्या दोन वेळा जरी ओढून झाडापर्यंत पोचता आलं, तरी तो पुढची शंभर वेळा ओढून बघतो. म्हणून घरातल्या सगळ्यांचा नियम एकच हवा.

हार्नेस ह्या काळात आईंचा हात आणि खंडूची मान सांभाळेल. चालायला मात्र तो शिकवणार नाही.

---

श्वानवेडी_बाणेर
२० मे, दुपारी ४:२०

आईंसाठी व्यवहारातल्या चार गोष्टी, माझ्या सासूबाईंच्या अनुभवावरून.

लीश मनगटाला कधीही गुंडाळायची नाही. हँडलमधून अंगठा घालून मूठ मिटायची आणि दुसऱ्या हाताने मधला भाग हलका धरायचा. अगदीच वेळ आली तर सोडून देता आली पाहिजे. दोन्ही टोकांना हूक असलेली लीश मिळते, एक हूक छातीच्या कडीला आणि एक पाठीच्या. रोजचा ताण पाठीवर, सावरायला छाती. लांब-आखूड होणारी डबीची लीश अजिबात नको, तिची दोरी हात कापते.

पायात चप्पल नको, बूट हवेत.

आणि आईंनी पहिले आठ-दहा दिवस रस्त्यावर जाऊच नये. सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाहीतर जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत दहा मिनिटं. खिशात उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे नखाएवढे तुकडे. तो पायाशी आला की त्यांच्या पायाजवळच द्यायचा, हात लांब करून नाही. बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट चुकूनही नको.

---

कर्वेनगरची
२५ मे, रात्री १०:०५

घेतला. दोन्ही कड्यांचा, पाच ठिकाणी सरकणारा. खंडूची छाती ५८ सें.मी. भरली, हार्नेस ५५ ते ७० चा आहे. पहिले तीन दिवस फक्त जेवणाच्या वेळी दाखवला, मग डोकं घालून घेतलं तर पनीर, मग बकलं लावून घरातच पाच मिनिटं. आता हार्नेस हातात घेतला की स्वतःच डोकं घालतो.

आईला धाग्याची प्रिंट काढून दिली. काकांचा शनिपाराचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला. काही बोलली नाही. आज संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ती त्याला घेऊन पार्किंगमध्ये उभी होती. नुसती उभी. तोही उभा होता.

---

टेकडीवर_रोज
१४ जून, सकाळी ७:५०

पाऊस सुरू झालाय म्हणून हा धागा वर काढतो. नायलॉनचा हार्नेस ओला राहिला की काखेत आणि छातीखाली केस झडून चट्टे पडतात. आतून जाड फोम असलेले तर दोन-दोन दिवस वाळत नाहीत. पावसाळ्यात शक्य असेल तर साध्या पट्ट्यांचा, बिनफोमचा दुसरा ठेवा. घरी आलं की हार्नेस काढायचा, कुत्रा काखेपासून पुसायचा, गोचीड बघायचे, आणि हार्नेस पंख्याखाली. साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टोची (अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस रोगाची) लस झाली आहे का विचारून घ्या.

वेताळ टेकडीवर नेणाऱ्यांना हात जोडून विनंती, लीश सोडू नका. मोर आहेत, त्यांची पिल्लं ह्याच दिवसांत जमिनीवर असतात. मोकळं हुंदडू द्यायचं असेल तर पाच मीटरची लांब दोरी लावा, पण ती पाठीच्या कडीला. छातीच्या कडीला लांब दोरी लावून कुत्रा धावला तर टोकाला गेल्यावर गर्रकन फिरतो आणि पाय मुरगळतो.

---

नवीन_सभासद_धायरी
१५ जून, दुपारी १२:१८

आमच्या हार्नेसला पुढची कडी नाही. बॅग दुरुस्तीवाल्याकडून शिवून घेतली तर चालेल का?

---

कारवानवाले
१५ जून, रात्री ८:३३

मी केलंय. कडी जोड दिसत नाही अशी, वितळवून बंद केलेली घ्या, वाकवून बंद केलेली उघडते. बोहरी आळीत बघा. शिवण चौकोनात फुली मारून घ्यायला सांगा आणि नायलॉनचाच दोरा. मग घरी कडी खिळ्याला अडकवून स्वतःचा भार टाकून बघा. पण मूळ हार्नेस छातीवर आडव्या पट्टीचा असेल तर कडी लावून काही साधणार नाही, ओढल्यावर अख्खा हार्नेस एका बाजूला फिरेल. मग नवाच घ्या.

---

पशुवैद्य_औंध
१६ जून, सकाळी ९:००

ताई, खंडू कसा आहे? पाच-साडेपाच महिन्यांत किती वेळ चालवता? वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं हा नुसता ठोकताळा आहे, पण सलग लांब चालण्यापेक्षा दिवसातून दोन-तीनदा थोडं आणि भरपूर हुंगू देणं त्याच्या सांध्यांना बरं. जेवल्यावर लगेच पळवू नका.

---

कर्वेनगरची
२८ जुलै, रात्री ११:१०

उशिरा लिहितेय, माफ करा. खंडू आता पावणेसात महिन्यांचा, २४ किलो, छाती ६७. हार्नेस शेवटच्या घरांवर आलाय, पुढच्या आठवड्यात दुसरा घ्यायचा आहे, तोच प्रकार, मोठ्या मापाचा. डॉक्टर, सकाळी वीस-पंचवीस मिनिटं आणि संध्याकाळी तेवढीच, मध्ये पुष्कळ थांबे.

खरं सांगायचं तर सकाळी तो माझ्याबरोबर अजून ओढतो. मला ७:४० ची कंपनीची बस गाठायची असते. मी घाईत असते, तो ओढतो, मी तशीच चालत राहते. पुढची कडी मला सावरते एवढंच. डॉक्टरांनी 'दहातल्या दोन वेळा' लिहिलं होतं, ते मला रोज सकाळी आठवतं. आता अर्धा तास आधी उठतेय.

आईबरोबर ओढत नाही. गेल्या शनिवारी सुट्टी होती म्हणून मी लांबून त्यांच्या मागे गेले. कोपऱ्यावरच्या फुलवालीशी आई बोलत उभी होती, चांगली दहा मिनिटं. खंडू तिच्या डाव्या पायाला टेकून बसलेला आणि लीश मध्ये झोळीसारखी लोंबत होती. समोरून तेच रिक्षेखालचं मांजर गेलं. तो उठून उभा राहिला, लीश ताठ झाली. आई बोलणं न थांबवता तशीच उभी राहिली. त्याने मांजराकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि परत खाली बसला. तिने खिशातून पनीर काढून पायाजवळ धरलं.

@पेठेतला_जुना, काका, आईने निरोप दिलाय. तुमच्या आईंचं नाव काय होतं ते तिला विचारायचं आहे.